झेंडा कुणाचा, बोट कुणाची?

(डिलाईल रोडवरच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, त्यावर बोलशील का, असं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, च्यायला, मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल उतरवतो, रात्री कविता खरडतो. मला काय विचारता? तर म्हणाले, प्रोफेसर लोक यावर पुष्कळ बोललेत, बंदरावरचा माणूस बोललेला नाही. हे मला पटलं. व्यापार व्यापार म्हणतात तो शेवटी कुणाच्या तरी पाठीवरूनच जातो. पाठीला जे कळलं तेवढंच मी बोलणार.

आधी व्यापारी संघ म्हणजे काय ते गोदीच्या भाषेत सांगतो. परदेशातला माल बोटीतून एका पाळीत उतरतो, पण गेटबाहेर पडायला त्याला कधी कधी आठवडा लागतो. मधे काय होतं? कागद होतो. कस्टमचा कागद, तपासणीचा कागद, सही, शिक्का, परत सही. माल शेडमध्ये पडून आणि भाडं चढतंय. युरोपातल्या देशांनी आपापसातला हा कागद हळूहळू काढून टाकला. ब्रिटन १ जानेवारी १९७३ ला त्यांच्यात सामील झालं. १९९३ पासून तर सगळ्यांचा मिळून एकच बाजार झाला. इंग्लंडच्या डोव्हर बंदरात ट्रक बोटीत चढायचा आणि पलीकडे फ्रान्सच्या कॅलेला उतरायचा. मधलं पाणी किती? साधारण बोरीबंदर ते ठाणे एवढं. मालाच्या जकातीचा कागद कुणी मागत नव्हतं.

मग २३ जून २०१६ ला सार्वमत झालं. ५१.९ टक्के लोक म्हणाले, बाहेर पडा. घोषणा होती, 'ताबा परत घ्या'. लाल बसवर रंगवलं होतं, आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या दवाखान्यांना देऊ. आकडा फसवा होता. ब्रिटनला परत मिळणारा पैसा त्यातून वजाच केलेला नव्हता. पण बस गावोगाव फिरली. खुद्द डोव्हरमध्ये ६२ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं. ग्रिम्सबीच्या मासेबंदराच्या भागात ७० टक्क्यांच्या आसपास.

इथले इंग्रजी पेपर वाचणारे हसले. म्हणाले, अडाणी गोरे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मी हसलो नाही. ज्याची गोदी ओस पडली, गिरणी बंद पडली, खाण बुजवली, त्याला कुणी तीस वर्षं विचारलं नव्हतं. एक दिवस विचारलं, तर तो 'नाही' म्हणाला. प्रश्न वेगळाच होता, पण त्याचं उत्तर तेच होतं.

आता घर कुणी फोडलं ते बघा. ब्रिटनमध्ये १९४७ साली गोदी कामगारांसाठी योजना आली. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, मुकादम बोट दाखवेल त्याला काम, बाकीच्यांनी उपाशी घरी जायचं, हा प्रकार त्या योजनेनं अनेक बंदरांत बंद केला. आपल्याकडेही १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. माझ्या आज्याला त्याच्यामुळे बिल्ला मिळाला. ब्रिटनची ती योजना १९८९ मध्ये मोडली. कुणी मोडली? युरोपनं नाही. थॅचरबाईंच्या हुजूर पक्षाच्या सरकारनं, लंडनच्या पार्लमेंटात बसून. ताबा तेव्हाही घरातच होता, मित्रांनो. तो कामगाराच्या हातात नव्हता एवढंच.

बरं, बाहेर पडल्यावर काय झालं? ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन कायद्यानं बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून कागद परत आला. मासळी पाठवायची तर आरोग्याचा दाखला, त्याच्यावर तज्ज्ञाची सही. ताज्या शिंपल्या-खेकड्यांना शेडमध्ये थांबता येतं का? पहिल्याच महिन्यात स्कॉटलंडचे मासळीवाले ट्रक घेऊन लंडनला सरकारच्या दारात गेले. यातले पुष्कळजण बाहेर पडण्याच्या बाजूचे असतील. ज्या कंपनीकडे कागद भरायला वीस कारकून आहेत तिचा माल थोडा महाग झाला, एवढंच. ज्याच्याकडे बायको आणि एक मुलगा आहेत, त्यानं युरोपचं गिऱ्हाईकच सोडलं. उलट युरोपातून येणाऱ्या खाण्याच्या मालाची पूर्ण तपासणी ब्रिटननं स्वतःच पुन्हापुन्हा पुढे ढकलली. ती सुरू व्हायला २०२४ उजाडलं. ब्रिटन सरकारचं अर्थसंकल्प तपासणारं स्वतंत्र कार्यालय अंदाज देतं की बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता लांब पल्ल्यात ४ टक्क्यांनी कमी राहील.

आयर्लंडचं तर त्रांगडंच झालं. उत्तर आयर्लंड ब्रिटनचं, दक्षिणेकडचा देश युरोपीय संघात. मधल्या सरहद्दीवर तपासणीची नाकी उभी करायची तर १९९८ च्या शांतता कराराला धक्का. त्याच्याआधी तीस वर्षं तिथं माणसं मेली होती. मग तपासणी समुद्रात ढकलली. म्हणजे एकाच देशाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल जाताना कागद! २०२३ च्या विंडसर करारानं तो कमी केला, संपवला नाही. रेघ पुसता येत नाही, नुसती सरकवता येते. ती कुणाच्या दारात सरकवायची, हे राजकारण.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो.

पी अँड ओ फेरीज ही कंपनी डोव्हर-कॅले बोटी चालवते. मालक दुबईची डीपी वर्ल्ड. नाव ओळखीचं वाटतंय? न्हावा शेवाला तिचे टर्मिनल आहेत. बंदरावरचा माणूस कुठेही गेला तरी मालक ओळखीचाच निघतो. या कंपनीनं २०१९ मध्ये आपल्या डोव्हरच्या बोटींवरचा ब्रिटनचा झेंडा उतरवला आणि सायप्रसचा चढवला. कारण सांगितलं, ब्रेक्झिट. सायप्रस युरोपीय संघात आहे, कराच्या सवलती टिकतात. ताबा परत घेण्याची घोषणा देशात चालू होती आणि बोटीवरचा झेंडा खाली येत होता.

१७ मार्च २०२२ ला कंपनीनं जवळजवळ ८०० खलाशांना आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या व्हिडिओवरून सांगितलं, आजपासून तुमची नोकरी गेली. बोटीवरून उतरवायला सुरक्षारक्षक तयार ठेवले होते. जागी एजन्सीची माणसं आणली. आठवड्यानं कंपनीचा मुख्य साहेब पार्लमेंटच्या समितीपुढे बसला. कबूल केलं की युनियनशी आधी बोलणं कायद्यानं बंधनकारक होतं, ते आम्ही जाणूनबुजून टाळलं. नव्या खलाशांना सरासरी तासाला साडेपाच पौंड. तेव्हा ब्रिटनमधला किमान पगार ८.९१ पौंड. पण बोट परदेशी झेंड्याची, जाते परदेशी बंदरात, म्हणून तो कायदा लागू नाही. ही फट ब्रेक्झिटच्या आधीपासूनची. पण ताबा परत घेतलेल्या सरकारनं काय केलं? मंत्री चिडले, भाषणं झाली. ऑगस्टमध्ये सरकारी यंत्रणेनं सांगितलं, फौजदारी खटला होणार नाही. टेम्स नदीच्या ज्या मुक्त बंदराचा ब्रेक्झिटचं फळ म्हणून गाजावाजा झाला, त्यात हीच डीपी वर्ल्ड भागीदार. राहिली. वेतनाची फट बुजवायचा कायदा २०२३ मध्ये केला. त्याच वर्षी पलीकडे फ्रान्सलाही तसाच कायदा करावा लागला.

इथं एक गोष्ट लपवली तर मी खोटा ठरेन. या खलाशांची एक मोठी युनियन आरएमटी. २०१६ मध्ये तिनं स्वतःच बाहेर पडायला मत द्या म्हणून सांगितलं होतं. मूर्ख होती का? नाही. फिनलंडच्या वायकिंग लाइन कंपनीला आपली बोट एस्टोनियाच्या झेंड्याखाली न्यायची होती, स्वस्त खलाशी मिळावेत म्हणून. युनियन संपावर निघाली, तर २००७ मध्ये युरोपच्या कोर्टानं ठरवलं की असा संप मालकाच्या धंद्याच्या स्वातंत्र्यात अडथळा ठरू शकतो. म्हणजे संघाच्या आत असताना झेंडा एस्टोनियाचा, संघाबाहेर पडताना झेंडा सायप्रसचा. दोन्हीकडे मालक तोच आणि पगार कमीच. आत की बाहेर, हा प्रश्न मालकानं आपल्यासाठी काढलेला पेपर आहे. आपण त्यात हो-नाही लिहित बसतो.

त्या एजन्सीच्या खलाशांत आपल्या देशातलेही होते. त्यांना तासाला दोन पौंडही मिळत नाहीत असा आरोप आरएमटीनं केला; कंपनीनं तो आकडा मानला नाही. मी विचार करत बसलो, डोव्हरच्या धक्क्यावर बडतर्फ खलाशी उभा आहे आणि बोटीवर कोकणातला, नाहीतर केरळातला पोरगा दोर बांधतोय. दोघं एकमेकांकडे बघतायत. त्या गोऱ्याला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. कारण मी त्याच्या जागी उभा होतो.

तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं आमच्या टोळीच्या जागी बिहारची पोरं आणली. गेटवर आम्ही ओरडलो, बाहेरच्यांना हाकला. मी सगळ्यात जोरात. एका पोराची पिशवी हिसकून मी गटारात टाकली. तिच्यात सत्तू होता आणि एक शर्ट. पुढं ठेकेदारानं आम्हालाही घेतलं, पण कमी मजुरीवर. जोडीला तोच पोरगा. चहाच्या टपरीवर विचारलं, किती मिळतात? आम्हाला सहाशे, त्याला साडेचारशे, वर खोलीचं भाडं कापून. म्हटलं, गाव कुठलं? गावाचं नाव न सांगता तो म्हणाला, "दक्खिन टोला." म्हणजे गावाबाहेरची वस्ती. माझा आजा जिथून मुंबईला आला ती वस्तीही गावकुसाबाहेरचीच. रेघ कशी असते ते मला कुणी शिकवायला नको होतं, आणि मीच गेटवर रेघ मारत होतो. गटारातली पिशवी काही परत आली नाही. त्याला मी शर्ट घेऊन दिला. त्यानं घेतला, पण घातलेला मी कधी बघितला नाही.

ब्रिटनमध्ये तरी बाहेरचे कमी झाले का? पोलंड-रुमानियाचे कमी आले. २०२१ मध्ये ट्रक ड्रायव्हरच मिळेनात, पेट्रोलसाठी रांगा लागल्या, टँकरवर लष्कराची माणसं बसवली. म्हाताऱ्यांची सेवा करायला २०२२ पासून भारत, नायजेरिया इथून माणसं बोलावली. त्यांचा व्हिसा मालकाला बांधलेला. मालक सुटला तर देश सुटतो. जुलै २०२५ मध्ये तेही दार नव्यांना लावलं. युरोपातून यायचा तो माणूस हक्कानं यायचा, नको ती नोकरी सोडू शकायचा. त्याच्या जागी न सोडू शकणारा माणूस आणला. बाहेर पडण्याचं हे मला सगळ्यात खरं फळ वाटतं.

मे २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं खाण्यापिण्याच्या मालाचा कागद कमी करायचं युरोपशी परत ठरवलं. कागद परत जाईलही. ते आठशे खलाशी परत बोटीवर आले नाहीत.

आणि २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. स्कॉचवरची जकात १५० टक्क्यांवरून ७५ वर, दहा वर्षांत ४० वर, हे मला पाठ आहे कारण पेपरात तेच मोठं छापलं होतं. बाकीचा करार आपल्यापैकी कुणी वाचलाय? हात वर करा. मीही नाही. इंग्रजी येणाऱ्या पोरांनी पुढच्या बैठकीला तो घेऊन यावा. एकेक पान वाचू आणि प्रत्येक पानाला तीनच प्रश्न विचारू. माल कोण उचलणार? त्याची मजुरी कोण ठरवणार? आणि त्याला नोकरी सोडता येणार का?

मी दक्खिन टोल्याच्या त्या पोरालाही आणणार आहे. येईल की नाही, माहीत नाही.

जयभीम.