मोठ्या माशाचे घर



शिक्षक उभा राहिला की तो शिक्षणावर बोलणार, असे आपण धरूनच चालता. मी आज माशांवर बोलणार आहे. ज्या घरात मूल आहे तेथे आज ना उद्या काचेची पेटी येते, आणि पेटीमागोमाग चुकीचा मासा येतो. आमच्याकडेही तसाच आला.

माझ्या मुलाने ईदीच्या पैशांतून ऑस्कर नावाचा मासा आणला. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळ्या अंगावर नारिंगी नक्षी. दुकानदार म्हणाला, "दीड फुटाची टाकी पुष्कळ झाली. टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो." हे साफ खोटे. टाकी पाहून मासा वाढायचा थांबत नाही. कोंडला तर खुरटतो आणि आजारी पडतो. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. नीट पोसला तर तो 30 सेंमी, क्वचित त्याहूनही मोठा होतो आणि दहा वर्षे सहज जगतो. तिसरीतल्या मुलाने आणलेला मासा त्याच्या बारावीच्या परीक्षेलाही घरातच असावयाचा!

म्हणून टाकी घ्यावयाची ती दुकानातल्या पिलाच्या मापाने नव्हे. आमची दीड फुटी टाकी एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे जेमतेम 42 लिटर पाणी. फूटभर लांबीच्या माशाला तिच्यात वळताही येणार नाही. एका ऑस्करला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी असावी. तिच्यात सुमारे 450 लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन साडेचार क्विंटल. तेव्हा आजोबांच्या शिसवी टेबलावर ती ठेवू नये, जमिनीवर भक्कम लोखंडी घडवंची करून घ्यावी. वर झाकणही हवे, कारण हा प्राणी उडी मारतो.

हा खातो फार आणि घाणही फार करतो. त्या घाणीतून अमोनिया होतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही मासा त्याने मरतो. अमोनिया पचविणारे जिवाणू गाळणीत वाढावयास महिना-दीड महिना लागतो. त्यानंतरही दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन आधी घालवावे. हे काम मुले पंधरा दिवस करतात, पुढे आपल्याच गळ्यात पडते.

आता सोबती. माझ्या मुलीने सहा गप्पी सोडले. सकाळी एकही नव्हता. जो तोंडात मावतो तो सोबती नव्हे, खाद्य आहे. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, त्याची जोडी नको. चपटे, रुंद सिल्व्हर डॉलर पाच-सहा ठेवता येतात, परंतु त्यासाठी सहा फुटी टाकी हवी. चार फुटांत ऑस्कर एकटाच ठेवावा, असे माझे मत. "बिचारा एकटा" म्हणून हळहळणारी माणसे त्याला भांडणच आणून देतात.

आमचा मासा वीतभर झाला तेव्हा शेजारी म्हणाले, "मास्तर, मयेच्या तळ्यात सोडा, पुण्य लागेल." खरे सांगतो, क्षणभर मलाही पटले. बादलीसुद्धा काढली होती. पण ऑस्कर लहान मासे खातो, आणि आपल्या हवेत त्याला उबेची उणीव नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत तो असाच परका येऊन वंश वाढवून राहिला आहे. टाकीतले शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकरमाउथ मासा 2020 साली वाराणसीजवळ गंगेत सापडला. कोणाच्या तरी बादलीतूनच त्याची जात आपल्या देशातील पाण्यात उतरली असणार. आपल्या खाजनातला कालुंदर हा ऑस्करच्याच कुळातला, पण तो इथला. त्याच्या घरी हा पाहुणा धाडण्याचा अधिकार मला कोणी दिला?

बादली परत ठेवली आणि जुनी चार फुटी टाकी विकत घेतली. गळत होती, ती दोनदा सांधावी लागली. मी शाळेतून आलो की तो काचेपाशी येतो. माझ्यासाठी नव्हे, खाण्यासाठी. ज्यांच्या घरी असा मासा टाकीत मावेनासा झाला असेल, त्यांनी तो तेरेखोलीवर वा वाळवंटीवर नेण्याआधी मला निरोप धाडावा. आमची दीड फुटी टाकीही रिकामी आहे. कोणाला गप्पी पाळावयाचे असतील तर घेऊन जावी.