शनिवारचा बंद घाणा



बेने इस्रायल यहुद्यांच्या घरी शनिवारी घाणा थांबे. म्हणून कुलाबा किनाऱ्यावर त्यांना शनवार तेली म्हणत. 'शेमा' प्रार्थनेखेरीज हिब्रू विसरलेल्या या समाजाची मुले धर्म शिकली ती स्वयंपाकघरात आणि उंबरठ्यावर. सणांची नावेही मराठीच : नव्याचा सण, खिरीचा सण. बिरड्याच्या रोजाला मुलास बिरडे आधी कळे, जेरुसलेमच्या मंदिराचा शोक फार पुढे. दरफाळणीच्या सणाला वडीलधारी मंडळी शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून दिवसभर निराहार राहत. दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, दानधर्म व गाठीभेटी. संवत्सरी पाळणाऱ्यांना हे परके वाटू नये.

१८४२ मध्ये रेवदंड्यास बेथ एल सिनेगॉग उभे राहिले. १८४६ मध्ये वल्हांडणाच्या रात्रीचा पाठ मराठी अनुवादासह मुंबईत छापला गेला. 'आजची रात्र निराळी का?' हे घरातील धाकट्याने विचारायचे, ते आता त्याला समजूनही विचारता येऊ लागले.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. घरात मूल नसेल तर पत्नीने विचारावे, आणि एकट्याने स्वतःलाच विचारावे, असा त्यांचा नियम आहे.