आधी न्हाणीघर, मग घर

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, अगदी उत्तरेकडे, एम्बॅरस नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात इथला पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत शंभर वर्षं उभी असलेली लाकडाची घरं या गावाभोवतीच्या शेतांवर आहेत. ती बांधली फिनलंडहून आलेल्या माणसांनी.

हे लोक बहुतेक लोखंडाच्या खाणींत राबायला आलेले. 1907 साली मेसाबी या लोहखनिजाच्या पट्ट्यातल्या खाणींत मोठा संप झाला, त्यात फिनिश मजूर पुढे होते. संप मोडला आणि त्यांची नावं काळ्या यादीत गेली. काही देशबांधव आधीच शेतीकडे वळले होते; आता त्यांच्या मागून बरेच जण आले. मिळाली ती जंगल तोडून उरलेली, दगडांची आणि बुंध्यांची जमीन.

तिथे पहिल्यांदा उभी राहायची सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर. घर होईपर्यंत अख्खं कुटुंब त्यातच राही. कितीतरी बाळंतपणंही तिथेच झाली, कारण सगळ्यांत उबदार आणि स्वच्छ जागा तीच.

मग घर. त्या भिंतीजवळ मी तुम्हाला थोडा वेळ थांबवणार आहे. ओंडका ओंडक्यावर ठेवला की मध्ये फट राहतेच, कारण कुठलंच झाड सरळ नसतं. फिनिश कारागीर दोन टोकांचं एक लोखंडी अवजार फिरवायचा. एक टोक खालच्या ओंडक्याच्या उंचसखलपणावरून सरके, दुसरं तीच रेघ वरच्या ओंडक्यावर ओढी. त्या रेघेबरहुकूम वरचा ओंडका खालून कोरायचा, मध्ये शेवाळ भरायचं, की मातीचं लिंपण नको नि चुना नको. या अवजाराला ते म्हणतात 'वारा'. वाऱ्याला भिंतीत शिरू न देणाऱ्या अवजाराचं नाव आपल्या कानाला 'वारा'च ऐकू यावं, हे मला फार आवडतं.

तोच माणूस गवताचं कोठार बांधताना मात्र ओंडक्यांत मुद्दाम फटी ठेवायचा. भिंती वर जाताना बाहेर कलायच्या. गवताला हवा लागली पाहिजे, पावसाचं पाणी मात्र भिंतीपासून दूर पडलं पाहिजे.

पुढे पुष्कळ घरांवर रंगवलेल्या फळ्या चढल्या, आणि ती चारचौघांसारखी दिसू लागली. एखादी फळी निखळते तेव्हा आत ओंडके दिसतात, त्यांवर रुंद पात्याच्या कुऱ्हाडीचे घाव आणि कोपऱ्यात एकमेकांत घट्ट अडकलेल्या खाचा. त्यात खिळा एकही नाही.