छोटे यंत्र, जुना संगणक आणि आपली मुले



आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की, हा विज्ञान शिक्षकांचा प्रांत, बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने त्यात का शिरावे? पण पालक माझ्याकडे जो प्रश्न घेऊन येतात तो विज्ञानाचा नसतो, पैशाचा असतो. "सर, मुलगा आर्डुइनो की काय ते मागतो. दुकानदार म्हणतो, त्याला नवा लॅपटॉप लागेल. काय करावे?" माझे उत्तर ठरलेले आहे. नवा लॅपटॉप घेऊ नका. चालू स्थितीतला जुना संगणक, मग तो चुलत्याच्या दुकानात धूळ खात पडलेला का असेना, बहुधा पुरतो.

आर्डुइनो म्हणजे तळहातावर मावणारा सर्किट बोर्ड. २००५ साली इटलीतील इव्रिया गावी तो तयार झाला, तोही डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण नसलेल्यांना वापरता यावा म्हणून. त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवला गेला, त्यामुळे त्याच्या स्वस्त नकला बाजारात मिळतात. त्यातील 'उनो' या बोर्डात प्रोग्रॅम साठवायला जागा किती? अवघी ३२ किलोबाइट! फोनवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. अशा यंत्राशी दोन शब्द बोलायला महागडा संगणक कशाला हवा?

आता, एका संगणकात विंडोज असते, दुसऱ्यात लिनक्स, तिसरा मॅक. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. आपल्या जामनेरकरांना हे समजावून सांगायला नको. आपली पीजे अडीच फुटी रुळांवर धावत असे आणि पाचोऱ्याची मोठी लाईन साडेपाच फुटी. पुढे जायचे तर पाचोऱ्याला सामानसुमान घेऊन उतरावेच लागे. आर्डुइनोचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी प्रत्येक रुळासाठी वेगळा डबा बांधला, पण आतली बैठक एकसारखी ठेवली. म्हणून शाळेत लिनक्सवर लिहिलेला प्रोग्रॅम मुलगी घरी विंडोजवर उघडते, तेव्हा तिला एक अक्षरही बदलावे लागत नाही. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. मात्र त्याच्या २ क्रमांकाच्या आवृत्तीला ६४ बिटांचे विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते. जुन्या संगणकावर १.८.१९ ही आवृत्ती घ्यावी. ती विंडोज ७ वरही चालते.

सॉफ्टवेअर उतरवून घेतले की काम झाले असे समजू नका. खरी अडचण त्या दीड हात वायरीत असते, आणि निम्मी मुले तिथेच कंटाळून सोडून देतात. पहिला संशय केबलवर घ्या. फोनच्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण निरोप जात नाही. दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच ३४० नावाची चिप असते. लिनक्सला तिची ओळख आधीपासून असते; विंडोजला कधी कधी तिचा ड्रायव्हर वेगळा द्यावा लागतो. तो बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॉम ३' किंवा असेच एखादे नाव दिसते. तेच नाव सॉफ्टवेअरमध्ये निवडायचे.

लिनक्सवर ओळख असली तरी परवानगी लागते. उबुंटूमध्ये आपले नाव 'डायलआउट' या गटात घालावे, लॉग आउट करून पुन्हा आत यावे. आणि उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीत एक गंमत आहे. दृष्टिहीनांच्या ब्रेल यंत्रासाठी असलेला 'बीआरएलटीटीवाय' हा प्रोग्रॅम या चिपला आपलेच यंत्र समजून ताब्यात घेतो. बोर्ड क्षणभर दिसतो आणि नाहीसा होतो! बिचारा विद्यार्थी बोर्ड खराब समजून फेकायला निघतो. घरात कोणी ब्रेल यंत्र वापरत नसेल तरच तो प्रोग्रॅम काढावा.

शेवटची बाब वेगाची. प्रोग्रॅममध्ये ९६०० लिहिले असेल तर पडद्यावरच्या सिरियल मॉनिटरमध्येही ९६०० हवे. एरवी अक्षरांची खिचडी दिसते. शुद्धलेखनाच्या तासाला गुरुजी भरभर सांगू लागले की वहीत काय उतरते, ते मुलांना विचारा.

विद्यार्थी मित्रहो, हे जुळले की पुढे काय कराल? ओलावा मोजणारा सेन्सर घ्या. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीत तो खोवा. उनो ० ते १०२३ यांमधील आकडा दाखवील. त्या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. आधी कोरड्या मातीचा आकडा लिहून ठेवा, मग भिजवलेल्या मातीचा, तेव्हा मधले आकडे बोलू लागतील. उघड्या धातूच्या दोन पायांचा सेन्सर ओल्या मातीत लवकर गंजतो. कपॅसिटिव्ह जातीचा अधिक टिकतो. आणि एक ताकीद. ५ व्होल्टचा हा बोर्ड शेतातल्या मोटारीला स्वतः जोडू नका. ते काम माहीतगार वायरमनचे आहे.

हे खेड्यात जमते का? पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे हाताने कामे करीत विज्ञान शिकली, आणि २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. आपल्या घरी शिकायचे तर मुंबईच्या आयआयटीने तयार केलेल्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आर्डुइनोची पाठमाला आहे, आणि त्या प्रकल्पाचे अनेक पाठ मराठीतही आहेत.

पालकांना एवढीच विनंती की, केबल जोडण्यापासून ड्रायव्हर बसवण्यापर्यंत सारे मुलांनाच करू द्या, मुलींनाही. दुकानात नेऊन तयार करून आणू नका. अडले तर शनिवारी शाळा सुटल्यावर बोर्ड आणि संगणक घेऊन माझ्याकडे या. केबल मात्र दोन आणा.