कोंबडीचे यकृत आणि खाद्याचा हिशेब

मे महिन्यात जयपूरच्या परिसरात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याच्या मनाला दोन चिंता लागून राहतात. पक्षी उष्म्याने दगावू नयेत, ही पहिली. आणि खाद्याचा खर्च हाताबाहेर जाऊ नये, ही दुसरी. अंड्यांच्या उत्पादनखर्चात सुमारे दोन तृतीयांश वाटा एकट्या खाद्याचा असतो, त्यामुळे ही दुसरी चिंता वर्षाचे बाराही महिने टिकते. खाद्य स्वस्त मिळाले म्हणजे खर्च कमी झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो समज कोठे अपुरा पडतो, हे दाखविणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. त्या हिशेबात कोंबडीच्या एका अवयवाची नोंद घेतलेली नसते. तो अवयव म्हणजे यकृत.

प्रथम हिशेब पाहू. अंडी देणारी संकरित पांढरी कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे वर्षाकाठी सुमारे 40 किलो. त्याच काळात तिने 300 अंडी दिली आणि एका अंड्याचे वजन 58 ग्रॅम धरले, तर तिने सतरा किलोंहून अधिक अंडी दिली असे होते. स्वतःचे वजन जेमतेम दीड किलो असलेल्या पक्ष्याने आपल्या वजनाच्या दहापटींहून अधिक पदार्थ निर्माण केलेला असतो. एक किलो अंड्यांसाठी येथे सुमारे 2.3 किलो खाद्य लागले. या प्रमाणालाच खाद्याची कार्यक्षमता असे म्हणतात. हा आकडा जितका लहान, तितका धंदा किफायतशीर.

आता शंभर कोंबड्यांचा एक कळप घ्या. त्यांना रोज 11 किलो खाद्य लागते. त्या रोज 90 अंडी देत असतील, तर एका डझनामागे 1.47 किलो खाद्य पडते. पाळणाऱ्याने शेकडा पाच टक्क्यांनी स्वस्त खाद्य आणले आणि त्यामुळे अंडी 80 वर आली, तर डझनामागे 1.65 किलो खाद्य लागू लागते. भावातील बचत वजा जाताही प्रत्येक डझन पूर्वीपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी महाग पडते. गोणीवर वाचलेला पैसा अंड्यांच्या टोपलीत गमावला जातो. ही दहा अंडी कोठे गेली, याचे उत्तर पुष्कळदा यकृतात सापडते.

अंड्याच्या पिवळ्या बलकात पाच-सहा ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतो. कोंबडीच्या रोजच्या खाद्यात मात्र तो तीन-चार ग्रॅमच असतो. उरलेली भर धान्यातील पिष्टापासून तयार करावी लागते, आणि पक्ष्यांमध्ये हे काम मुख्यत्वे यकृतच करते. तलंग वयात आली, की तिच्या अंडाशयातील संप्रेरकांच्या प्रेरणेने यकृत वाढते आणि बलकासाठी लागणारे स्निग्ध पदार्थ व प्रथिने बनवू लागते. मात्र बनविलेला माल बाहेरही पडावा लागतो. बारदानाशिवाय धान्य बाजारात जात नाही. त्याचप्रमाणे विशिष्ट प्रथिने व कोलिनयुक्त द्रव्ये यांचे वेष्टन मिळाल्याशिवाय स्निग्ध पदार्थ रक्तात उतरत नाही. खाद्यात मेथिओनिन, कोलिन किंवा ब-12 जीवनसत्त्व अपुरे असेल, तर माल कोठारातच साठत जातो. यकृत फिकट, पिवळसर आणि ठिसूळ होते.

अशा यकृताला थोडासा ताणही सोसत नाही. 1956 साली अमेरिकेतील संशोधक काउच यांनी कोंबड्यांतील या मेदयुक्त यकृताच्या विकाराकडे लक्ष वेधले. पुढे 1972 मध्ये यकृतातील रक्तस्रावाचा उल्लेख करून या विकाराचे नाव अधिक नेमके करण्यात आले. पिंजऱ्यात हालचाल नसलेल्या, भरपूर धान्य खाणाऱ्या आणि भरात अंडी देणाऱ्या कोंबड्यांना तो विशेषकरून होतो. उष्म्यात त्याचे प्रमाण वाढते. कालपर्यंत अंडी देणारी, अंगाने भरलेली कोंबडी सकाळी पिंजऱ्यात मेलेली आढळते. तिचा तुरा पांढुरका पडलेला असतो. उघडून पाहिले, तर पोटात चरबीचे थर आणि फाटलेल्या यकृतावर गोठलेले रक्त दिसते. पाळणारा म्हणतो, उन्हाने गेली. ऊन हे निमित्त असते. तयारी आधीपासून झालेली असते.

राजस्थानात या प्रश्नाला आणखी दोन बाजू आहेत. हे राज्य बाजरी, मोहरी आणि भुईमूग यांच्या उत्पादनात देशात अग्रेसर आहे. बाजरी कोंबड्यांना मानवते. तिच्यात मक्यापेक्षा प्रथिने अधिक असतात. तिच्यात पिवळे रंगद्रव्य अत्यल्प असल्याने बलक फिकट होतो, पण तो यकृताच्या आजाराचे लक्षण मानू नये. मोहरीच्या पेंडीची गोष्ट वेगळी आहे. ती सोयाबीनच्या पेंडीपेक्षा स्वस्त मिळते, म्हणून तिचे प्रमाण वाढविण्याचा मोह होतो. परंतु तिच्यातील तिखट गंधकयुक्त द्रव्यांमुळे कोंबडीच्या यकृतात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून शंभर भाग खाद्यात ती पाच ते दहा भागांपलीकडे जाऊ देऊ नये.

तिसरा आणि सर्वांत गंभीर धोका बुरशीचा आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखाहून अधिक पिले थोड्या महिन्यांत मेली. शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत आढळला. त्या पेंडीवर अॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. हे विष प्रामुख्याने यकृतावर आघात करते. कोंबडी टर्कीइतकी नाजूक नाही, आणि तेच अधिक फसवे ठरते. ती लगेच मरत नाही. खाणे चालूच असते, परंतु यकृत प्रथिने पुरेशी बनवू शकत नाही, अंडी लहान होतात, मग संख्येने घटतात. खाद्य जाते तितकेच, अंडी येतात कमी. शिवाय या विषाचा अल्प अंश अंड्यातही उतरतो.

माणसांचाही या विषाशी संबंध येतो, हे राजस्थानने अत्यंत दुःखद रीतीने पाहिले आहे. 1974 च्या पावसाळ्यानंतर दक्षिण राजस्थानातील बांसवाडा आणि लगतच्या गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत काविळीची साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; गावातील कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला, तेव्हा कारण आढळले ते पावसात भिजून बुरशी आलेल्या मक्यात. त्या कुटुंबांजवळ दुसरे धान्य नव्हते. माणसाने खाऊ नये असे धान्य ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून स्वस्तात विकले जाते, तेव्हा ही घटना आठवावी. जे विष माणसाच्या यकृताला सोडत नाही, ते कोंबडीच्या यकृतालाही सोडणार नाही.

उपाय खर्चिक नाहीत. धान्य आणि पेंड घेताना ओलावा पाहावा. साठवणीच्या धान्यात तो शेकडा बारा भागांपेक्षा अधिक नसावा. गोण्या भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचाव्यात. उन्हाळ्यात पत्र्यावर आणि पडद्यांवर शिंपडलेले पाणी खाद्याच्या खोलीपर्यंत पोहोचू देऊ नये. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतेच खाद्य दळून ठेवावे. अफ्लाटॉक्सिन साध्या उष्णतेने नाहीसे होत नाही. म्हणून बुरशीचे धान्य भाजून किंवा वाळवून चालविण्याचा प्रयत्न करू नये. याच राज्यात बारमेर भागात बेंटोनाइट नावाची माती सापडते. तिच्यापासून तयार केलेली काही द्रव्ये पक्ष्याच्या आतड्यात या विषाला धरून ठेवतात आणि त्याचे शोषण कमी करतात. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र ती सडलेल्या धान्याला निर्दोष ठरवीत नाहीत.

उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्यावे. कळपातील काही कोंबड्या नियमित तोलाव्यात. वजन प्रमाणाबाहेर वाढत असेल, तर धान्याचे प्रमाण पशुवैद्याच्या सल्ल्याने उतरवावे आणि कोलिन, मेथिओनिन पुरेसे आहेत की नाहीत ते पाहावे. यकृतासाठी बाजारात मिळणारी औषधे या काळजीची जागा घेऊ शकत नाहीत.

आणखी एक सवय पाळणाऱ्याने लावून घ्यावी. मेलेली कोंबडी तशीच पुरण्याऐवजी तिचे शवविच्छेदन पशुवैद्याकडून करून घ्यावे. निरोगी यकृत तांबूस-तपकिरी आणि घट्ट असते. रोगी यकृत पिवळट असते आणि बोटाच्या दाबाने फुटते. वहीतील खाद्याच्या आणि अंड्यांच्या आकड्यांत जी तूट महिनाभराने उमटणार असते, तिची सूचना तेथे आधीच मिळालेली असते. ती वेळेवर वाचणारा पाळणारा उरलेला कळप वाचवू शकतो.