गावाची नोंद कोण ठेवणार?



गटाच्या बैठकीत आपण पंचसूत्री म्हणतो. त्यातलं पाचवं सूत्र आहे नियमित लेखे. बचत भरली, कर्ज फेडलं, पण वहीत नोंद नसेल तर बँकेत त्याला किंमत नाही. हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पण गावातल्या बायांना जे येतं, जे त्यांनी केलं, त्याची नोंद कुठं आहे? आज मी त्याच नोंदीबद्दल बोलणार आहे. त्यात गावचं वाचनालय आणि आपल्या हातातला मोबाइल कसा उपयोगी पडतो, तेही सांगणार आहे.

वाचनालय म्हटलं की आपल्याला वाटतं, पेपर वाचायची आणि पुस्तकं न्यायची खोली. आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार आहे. स्ट्रॉबेरीचं गाव. 4 मे 2017 ला ते पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे 15 हजार पुस्तकं ठेवली, त्यातली बरीच लोकांच्या राहत्या घरांत. कुणीही जावं, बसून वाचावं. म्हणजे पुस्तकं सांभाळायचं काम घरातल्या माणसांनी अंगावर घेतलं. लोक वाचनालयातून नुसतं घेत नाहीत, त्याला हातभारही लावू शकतात, हे तिथं दिसलं.

आता सांगलीकडं या. ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा पूर कुणी विसरलेलं नाही. त्या पुरात सांगलीच्या जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. नवी पुस्तकं पुन्हा विकत मिळतात. पण ज्याची एकच प्रत होती, ते गेलं की गेलं. गावचं वर्तमान एकाच कपाटात असेल, नाहीतर एकाच आज्जीच्या डोक्यात असेल, तर तेही असंच जातं.

म्हणून इंटरनेटवरची अशी ठिकाणं माहीत करून घेऊ, जिथं वाचताही येतं आणि लिहिताही येतं. वाईला मराठी विश्वकोशाचं काम चालतं. त्याचे वीस खंड आता मोबाइलवर फुकट वाचता येतात. ते जाणकारांनी लिहिलेले आहेत. मराठी विकिपीडियाची रीत वेगळी. तो 2003 पासून सुरू आहे आणि त्यात कुणीही भर घालू शकतं, चूक दिसली तर दुरुस्त करू शकतं. आपल्या गावाचं नाव त्यात शोधून बघा. बऱ्याच गावांच्या पानावर तालुका, जिल्हा आणि दोन ओळी, एवढंच सापडतं. हळद शिजवणाऱ्या, बेदाणा निवडणाऱ्या बाया त्यात कुठून येणार?

पण तिथं एक नियम आहे. लिहिलं त्याला प्रसिद्ध झालेला, विश्वासाचा आधार लागतो. 'आमच्या सासूबाई सांगायच्या' एवढं चालत नाही. इथंच वाचनालयाची गरज पडते. जिल्ह्याचं गॅझेटियर, गावच्या शाळेची स्मरणिका, जुने दिवाळी अंक कुठं आहेत, हे ग्रंथपालांना ठाऊक असतं. आपल्याला विषय माहीत असतो, त्यांना पुस्तक माहीत असतं. दोघं एकत्र बसलं तर पान तयार होतं.

ज्यांना लिहायचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी विकिस्रोत आहे. त्यात जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो एका बाजूला दिसतो आणि टंकलेली अक्षरं दुसऱ्या बाजूला. आपण ताडून बघायचं, चुका काढायच्या. एकीनं तपासलं की पानावर पिवळी खूण येते. दुसरीनं पुन्हा तपासलं की हिरवी होते. गटाची वही एकीनं लिहावी आणि दुसरीनं तपासावी, तसंच हे काम. मात्र कुठलंही पुस्तक तिथं चढवता येत नाही. आपल्या कायद्यानं लेखक वारल्यावर 60 वर्षं त्याचा हक्क राहतो. सावित्रीबाई आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांचा 'काव्यफुले' 1854 सालचा. इतकं जुनं लिखाण आता सगळ्यांचं आहे.

आणि ज्याला छापील आधारच नाही, त्याचं काय? जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून बायांच्या तोंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 2017 पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या. तिथं ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि तिचं गाव असतं. कितीतरी ओव्या तिच्याच आवाजात ऐकताही येतात. आपल्या गावातल्या मावशींचा आवाज आपणही वाचनालयाच्या मदतीनं जपू शकतो.

पण तीन गोष्टींची काळजी घ्या. आवाज किंवा फोटो घ्यायच्या आधी त्या बाईला विचारा. तो कुठं दिसणार, कोण ऐकणार, हे तिला नीट सांगा. ती नको म्हणाली तर विषय तिथंच संपवा. दुसरं, विकिपीडियासाठी फोटो दिला की तो कुणीही वापरू शकतं, छापून विकूही शकतं. म्हणून तिथं बारव, वीरगळ, जातं, बैलपोळा यांचे फोटो द्या. लेकीबाळींचे नकोत. तिसरं, घरगुती औषधांची माहिती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठंही टाकू नका.

सुरुवात लहानच ठेवा. गटातल्या दोघी आणि शाळेतली एखादी पोरगी असल्या तरी पुरे. गावचं वाचनालय 'ड' वर्गातलं असेल, संगणक नसेल, तरी अडत नाही, मोबाइल चालतो. कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाबून बोललं की मराठी अक्षरं उमटतात. महिन्यातून एक दुपार ग्रंथपालांकडून मागून घ्या आणि पहिल्या दुपारी आपल्या गावाचं पान उघडा. त्यातली एक चूक दुरुस्त करा, नाहीतर आधार दाखवून एक ओळ वाढवा. ती ओळ कुणी काढली, तर चिडू नका. कारण विचारा आणि पक्का आधार घेऊन पुन्हा लिहा.

गटाची वही आपण कुणाच्या भरवशावर सोडत नाही. येत्या बैठकीच्या इतिवृत्तात हा विषय घ्या आणि कुणी दोघींनी वाचनालयात जायचं ते नावानिशी ठरवा.