दिवा मापाखाली ठेवायचा नसतो

आज माइकसमोर आम्ही आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या बाया बसलो आहोत. बोलणारी एकच आहे, पण काय सांगायचं ते मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं, म्हणून 'आम्ही' म्हणतोय. विषय मिळालाय तो असा: देवाचा प्रकाश आपल्या रोजच्या जगण्यातून दुसऱ्यापर्यंत कसा पोचतो. हा कार्यक्रम बचत गटाच्या बैठकीत लावून ऐकतात, आणि गटात सगळ्या धर्मांच्या बाया असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही बोलणार आमच्या शास्त्रातलं, पण गोष्ट चुलीपाशीची आणि उंबऱ्याची आहे. तेव्हा बसा, भाजी निवडता निवडता ऐका.

येशू ख्रिस्तानं डोंगरावर लोकांना जे प्रवचन दिलं, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायापासून आहे. तिथं समोर बसलेली माणसं कोण होती? मासे धरणारे, दुखण्यानं गांजलेले, गावोगावचे साधे लोक. त्यांना त्यानं 'तुम्ही प्रकाश व्हा' असा उपदेश केला नाही. तुम्ही जगाचा प्रकाश आहातच, असं सांगितलं. आणि लगेच घरातल्या दिव्याची गोष्ट काढली. दिवा लावून कुणी मापाखाली झाकत नाही, उंच जागी ठेवतं, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसतं.

त्या देशातली गरिबांची घरं म्हणजे बहुतेक एकच खोली, आणि जैतुनाच्या तेलाचा मातीचा एक दिवा. आमच्या आज्यांच्या घरात भिंतीतल्या देवळीत एक चिमणी मिणमिणायची, तसंच. आणि माप म्हणजे धान्य मोजायचं भांडं. आपल्याकडं पायली होती, अधोली होती, त्यातलाच प्रकार. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी बैठकीत विचारलं, "झाकायला टोपली होती, घमेलं होतं, मग मापच का म्हटलं असंल?" शास्त्री-पंडितांचं उत्तर काय असेल ते असो. मावशींचं स्वतःचं उत्तर आम्हाला पटलं. त्या म्हणाल्या, "अगं, माणूस मोजायला लागला की त्याचा दिवा विझतोच. मी तिला वाटीभर साखर दिली, तिनं मला काय दिलं? मी तिच्या बाळंतपणात राबले, माझ्या वक्ताला ती कुठं होती?" गटाचा हिशेब पैशापैशाचा चोख हवा, त्यात ढिलाई नको. पण शेजाऱ्यापाजाऱ्याच्या उपकारांची वही कुणी घालू नये.

दुसरं असं की हा प्रकाश आपला नाही. वीज नसताना वाढलेल्या बायांना कंदिलाची काच पुसायचं काम आठवत असेल. दिवेलागणीच्या आधी काच काढायची, राखेनं नाहीतर फडक्यानं पुसायची, आतून फुंकर मारून परत पुसायची. काच स्वतः उजेड देत नाही. उजेड वातीचा आणि तेलाचा. पण काच काजळलेली असली, तर वात कितीही मोठी करा, घरात अंधारच. आम्ही काच आहोत, ज्योत देवाची आहे. आणि गंमत बघा, काजळी बाहेरून येत नाही, ती त्याच ज्योतीची असते. उपासनेला नेमानं जाणारी, प्रार्थना पाठ असणारी बाईच कधी कधी नळावर सगळ्यांत कडू बोलते. मी किती भक्तीची, हे मनात साचलं की काच काळी झालीच म्हणून समजा.

मोशेची गोष्ट निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. सीनाय पर्वतावरून तो खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड तेजस्वी झालं होतं. देवाशी बोलून आला होता ना. पण शास्त्र सांगतं की त्याला स्वतःला त्याची खबरच नव्हती. लोकांना दिसलं, त्याला नाही. आम्हाला ही ओळ फार आवडते. ज्याच्यातून उजेड जातो त्याला बहुधा तो दिसत नाही. तो आरशात बघत बसत नाही.

रोजच्या लहान गोष्टी आम्ही फार लांबवत नाही, त्या तुम्हाला ठाऊक आहेत. दुकानदारानं चुकून जास्त परत दिलेले दहा रुपये परत करणं. रेशनच्या रांगेत ओली बाळंतीण उभी असेल तर तिला पुढं जाऊ देणं. विधवा वहिनीला कार्यात पुढच्या रांगेत बसवणं. जातीचं मात्र दोन शब्द जास्त बोलावं लागेल. लक्ष्मीबाई टिळक कडक सोवळ्यात वाढलेल्या. ती सोवळ्या-ओवळ्याची आणि जातीची शिवण मनातून कशी उसवली, ते त्यांनी स्वतःच 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवलंय. शंभर वर्षं उलटून गेली. आणि आजही आमच्याच काही घरांत सोयरीक जुळवताना हळूच विचारतात, "मूळचे कोण?" प्रभूभोजनाला एका प्याल्यातून घेणारी माणसं ही. या प्रश्नानं किती उजेड झाकला जातो, ते विचारणाऱ्यालाही कळत नाही.

आता ज्यासाठी खरं तर आम्ही आज बोलायला आलो, ती गोष्ट.

आम्हा ख्रिस्ती लोकांत 'साक्ष' हा शब्द फार चालतो. आपल्या वागण्यातून लोकांना ख्रिस्त दिसावा, याला आम्ही साक्ष म्हणतो. शब्द चांगला आहे. पण याच शब्दाचं काही ठिकाणी झाकण केलं जातं. आमच्या मंडळातल्या एका वहिनींना नवरा मारायचा. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. रविवारी तो चर्चमध्ये पेटी वाजवायचा, गाणीही चांगली म्हणायचा. वहिनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून बसायच्या. घरातली मोठी माणसं म्हणायची, "बाहेर बोलू नको, आपली साक्ष खराब होईल. गावात आपली चार घरं, लोक हसतील. तू सहन कर, तुझ्या सहनशीलतेतूनच देवाचा प्रकाश दिसेल."

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्ही बैठकीत खूप वेळ गप्प बसलो होतो. कारण हे वाक्य आमच्यातल्या पुष्कळ जणींनी कधी ना कधी ऐकलेलं होतं. आईकडून, सासूकडून, प्रार्थनेला आलेल्या एखाद्या मोठ्या माणसाकडून.

आमचं म्हणणं आम्ही सरळ सांगतो. मार झाकणं म्हणजे प्रकाश दाखवणं नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू सांगतो की वाईट करणारा उजेडाचा द्वेष करतो, आपली कामं उघडी पडतील म्हणून उजेडाकडं येत नाही. म्हणजे उजेडाला कोण भितं? मार खाणारी नाही, मारणारा. मग घराची अब्रू राखायला तिनंच का अंधारात बसायचं? ख्रिस्तानं स्वतः दुःख सोसलं हे खरं. पण त्यानं दुसऱ्या कुणाला, जा आणि मार खा, असं कधी सांगितलं नाही. उलट लोक दगड मारायला ज्या बाईला घेऊन आले, तिच्या आणि दगडांच्या मध्ये तो उभा राहिला.

बैठकीत सगळ्यांचं एकमत झालं असं नाही. त्याच म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "संसार मोडायचं काम आपलं नाही." त्यांचा मान आम्ही राखतो, त्यांनी आयुष्य बघितलंय. तेव्हा एका तरुण सुनेनं त्यांना विचारलं, "मावशी, मोडलाय कुणी? जो रोज मोडतोय त्याला कुणी काही म्हणत नाही." मावशी उठून गेल्या नाहीत. पण त्या दिवशी त्या पुढं काही बोलल्याही नाहीत. या गोष्टीवर आमचं मंडळ अजून दोन मनांचं आहे, ते आम्ही लपवत नाही.

तरी आम्ही काय केलं ते सांगतो. आधी वहिनींना विचारलं, तुम्हाला काय हवंय? हे विचारायला पंधरा वर्षं लागली, बघा. त्या म्हणाल्या, "मला मुलं घेऊन एका रात्री तरी निवांत झोपायचंय." मग दोघी जणी पाळकसाहेबांकडं गेल्या. समेटाची बैठक घेऊ, असं ते म्हणाले. आम्ही म्हटलं, घ्या, पण आधी ती सुरक्षित जागी जाऊ दे. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याच्या समोर बसवून माफी मागायला लावणं, याला समेट म्हणत नाहीत. क्षमा ही तिनं द्यायची वस्तू आहे, तिच्याकडून काढून घ्यायची नाही. आणि क्षमा केली म्हणजे त्याच घरात परत जायलाच हवं, असंही शास्त्रात कुठं नाही.

ज्या रात्री ती खरंच घराबाहेर पडली, त्या रात्री तिला माहेरी सोडलं कुणी? शेजारच्या मुसलमान भाभींनी आणि त्यांच्या रिक्षावाल्या मुलानं. भाड्याचा एक पैसा घेतला नाही. चांगल्या शोमरोनीची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आम्ही लहानपणापासून ऐकतो. वाटेत पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी ओलांडून गेले, आणि ज्याला परका म्हणत तोच थांबला. उजेडाची मालकी आमच्याकडं आहे असं कुणाला वाटत असेल, तर ही गोष्ट त्यांच्यासाठीच आहे.

आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म 1858 चा. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले. विधवा मुलींसाठी त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं. पुढं 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, उघड्यावर पडलेल्या मुलींना, बायांना घेऊन केडगावला आल्या. नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखान्याचं काम शिकवलं. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. त्यांनी पवित्र शास्त्राचं मराठीत भाषांतर केलं, त्याचे खिळे जुळवायला तिथल्याच बाया होत्या. आम्ही हे सांगतोय ते कौतुकासाठी नाही. घरातून टाकलेली बाई दारात आली तर तिला 'परत जा आणि सहन कर' असं रमाबाई म्हणाल्या नाहीत, म्हणून सांगतोय. आमच्या चर्चच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावायचा आणि दारात आलेल्या बाईला परत पाठवायचं, हे जुळत नाही.

आता कामाची माहिती, पेन असेल तर लिहून घ्या. घरातल्या हिंसेपासून बायांचं संरक्षण करणारा कायदा 2005 चा आहे आणि तो 2006 पासून लागू आहे. यात मार तर येतोच, शिवाय शिवीगाळ, खर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने काढून घेणं, हेही येतं. तुमच्या भागात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं तक्रार देता येते. न्यायालय मारहाण थांबवण्याचा आदेश देऊ शकतं, आणि राहत्या घरातून बाईला बाहेर काढू नये असाही आदेश देऊ शकतं, घर तिच्या नावावर नसलं तरी. वकिलाचे पैसे नसतील तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, बायांना तिथं वकील फुकट मिळतो. महिलांसाठी मदतीचा फोन 181, आणि अगदी जिवावर बेतलं असेल तर 112. हे नंबर लेकीच्या वहीत, मोबाइलमध्ये दुसऱ्या नावानं का होईना, ठेवा. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कागद मागून घ्या. तो कागद माहेरी किंवा मैत्रिणीकडं ठेवा.

आणि मैत्रीण म्हणून आपण काय करायचं? "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य तोंडातून काढू नका. तिची गोष्ट नळावर नेऊ नका. उजेड दाखवायचा म्हणजे तिचं दुःख चौकात मांडायचं असं नव्हे. दानधर्म करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नये, असंही त्याच डोंगरावरच्या प्रवचनात आहे. एकीकडं दिवा झाकू नका म्हणतो आणि दुसरीकडं गुपचूप करा म्हणतो. आम्हाला आधी कोडं वाटायचं. आता असं वाटतं की तिचं गुपित सांभाळायचं, आणि मारणाऱ्याचं गुपित सांभाळायचं नाही.

वहिनी सध्या माहेरी आहेत. मुलं तिथल्याच शाळेत घातली आहेत, थोरल्याचं अभ्यासात लक्ष लागत नाही, धाकटी रुळली. त्यांनी शिलाई मशीन घेतलंय, हप्ता आमचा गट भरत नाही, त्या स्वतः भरतात, तसं त्यांनीच सांगितलं होतं. न्यायालयात तारखा चालू आहेत. पुढच्या तारखेला मंडळातल्या दोघी बरोबर जाणार आहेत, आणि तिसऱ्या म्हणून मावशींनी आपलं नाव सांगितलंय. हे सगळं आम्ही वहिनींना विचारूनच सांगितलं. त्यांचं नाव आणि गाव मात्र सांगितलं नाही, ते तसंच राहू द्या.